युती जुळते कुठे, तुटते कुठे: शिवसेनेच्या जोडीदारांचा हिशेब

प्रश्न दोन भागांत आला आहे. शिवसेनेने आधी काँग्रेसशी जुळवून घेतलं, मग भाजपशी तीस वर्षं संसार केला, मग काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकार बनवलं. यात विचार किती आणि सोय किती? आणि दोन तृतीयांश आमदार फुटले की पक्ष, नाव, चिन्ह सगळं त्यांचंच होतं, हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे पुढे सविस्तर येईल. पहिल्यासाठी भाषणं आणि अग्रलेख बाजूला ठेवा आणि जागावाटपाचे आकडे समोर घ्या. शिवसेना मुंबई-ठाण्यातून उभी राहिलेली, उजव्या वळणाची प्रादेशिक संघटना. तिचा दिल्लीवाला जोडीदार जोवर तिच्याच मतदाराच्या दारात उभा राहत नाही, तोवर टिकतो. तो त्या दारात आला की कुरबूर सुरू होते, आणि तिला विचाराचं नाव नंतर दिलं जातं.

सुरुवातीचा काळ लवकर उरकता येईल. १९ जून १९६६ला स्थापना झाली. १९६८च्या मुंबई महापालिका निवडणुकीत सेनेने युती केली ती प्रजा समाजवादी पक्षाशी, आणि ४२ नगरसेवक निवडून आणले. आज हे ऐकून भुवया उंचावतात. पण गिरणगावात सेनेचा खरा सामना कम्युनिस्टांशी होता, आणि कम्युनिस्टांशी न पटणारा जो कोणी असेल तो चालणार होता. १९७०मध्ये परळच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक जिंकले आणि सेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला, तोही कम्युनिस्टांच्या जागेवर. राज्यातल्या काँग्रेसलाही डाव्या कामगार संघटनांना शह हवाच होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना विरोधक सेनेला 'वसंतसेना' म्हणून चिडवत, त्यात टवाळी होती तसा तपशीलही होता. १९७४च्या मध्य मुंबई लोकसभा पोटनिवडणुकीत सेनेने काँग्रेसच्या रामराव आदिकांना पाठिंबा दिला. जिंकल्या मात्र कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे. आणीबाणीलाही सेनेचा पाठिंबा होता. १९८०च्या विधानसभेला तर सेनेने उमेदवारच दिले नाहीत, काँग्रेसला मदत केली.

याची किंमत संघटनेने मोजली. न लढणाऱ्या पक्षाचा गटप्रमुख मतदारयादी विसरतो. चिन्ह मतदाराच्या डोळ्यांसमोरून जातं आणि मान्यताही हातात राहत नाही. राज्यपातळीवरच्या मान्यतेसाठी विधानसभेत साधारण सहा टक्के मतं आणि दोन आमदार, किंवा तशाच दुसऱ्या निकषांपैकी एखादा पूर्ण करावा लागतो. न लढता यातलं काहीच साधत नाही. म्हणून १९८४च्या लोकसभेला मनोहर जोशी आणि वामनराव महाडिक मुंबईत उभे राहिले ते भाजपच्या कमळावर. दोघेही पडले. पुढच्याच वर्षी भाजप शरद पवारांच्या समाजवादी काँग्रेसबरोबरच्या आघाडीत गेला. सेनेचे एकटे छगन भुजबळ माझगावातून विधानसभेत पोहोचले. त्याच १९८५ साली सेनेने मुंबई महापालिका मात्र स्वतःच्या बळावर घेतली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या सगळ्या भांडणांची मुळी तीच आहे. विधानसभेत सेना जवळजवळ शून्यावर असतानाही महापालिका तिच्या हातात होती. नोकरभरती, कंत्राटं, प्रभागातली कामं, शाखेत तक्रार घेऊन येणारा माणूस हे सगळं तिथून चालत होतं. आमदारकी गेली तरी सेना जगते, महापालिका गेली तर शाखा कोरड्या पडतात. त्यामुळे दिल्लीत कोणाला पाठिंबा द्यायचा याबद्दल सेना लवचीक राहिली आणि मुंबईच्या वॉर्डावर तिने सहसा घासाघीस होऊ दिली नाही.

डिसेंबर १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू हिंदुत्वाच्या प्रचारावर निवडून आले. पुढे न्यायालयाने त्या प्रचारामुळेच ती निवडणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये ते कायम केलं. मात्र राजकीय अर्थ निकालाच्या दिवशीच सगळ्यांना कळला होता. शहरी महाराष्ट्रात हिंदुत्वावर मतं मिळतात, आणि ती दोघांनी स्वतंत्रपणे मागितली तर फुटतात. १९८९मध्ये प्रमोद महाजनांच्या पुढाकाराने युती झाली. धनुष्यबाण हे कायमचं चिन्हही सेनेला त्याच वर्षी मिळालं. भाजपला महाराष्ट्रातून खासदार हवे होते, सेनेला मुंबईबाहेर राज्य हवं होतं. दोघांची भूक वेगवेगळ्या ताटांतली होती, म्हणून जमलं.

आता जागावाटप प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. वर्तमानपत्रात फक्त शेवटचा आकडा येतो, युती मात्र त्याआधीच्या कागदांवर घडते किंवा बिघडते.

पहिल्या फेरीत ज्याचा आमदार त्याची जागा, हे मान्य करून दोन्ही बाजू यादी बाजूला ठेवतात. इथे वाद नसतो. दुसऱ्या फेरीत गेल्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं ते बघतात. इथे निम्मा वाद मिटतो. तिसरी फेरी अदलाबदलीची: मला चांगला उमेदवार आहे पण जागा तुझी आहे, तर शेजारच्या तालुक्यातली घे. चौथीत छोट्या मित्रपक्षांचा वाटा कोणाच्या कोट्यातून जाणार ते ठरतं. पाचवी फेरी कोणी जाहीर करत नाही. ज्या जागा दोघांनाही पडणाऱ्या वाटतात, त्या एकमेकांच्या गळ्यात मारायच्या. २८८पैकी शंभर-सव्वाशे जागांवर खरा वाद होतच नाही. भांडण असतं ते शेवटच्या तीस-चाळीस जागांचं, आणि त्यातही मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक पट्ट्यातल्या.

मग येतो ए-बी फॉर्म. पक्षाच्या वतीने उमेदवार कळवण्याचा अधिकार कोणाला आहे ते 'ए' फॉर्म सांगतो, आणि 'बी' फॉर्मवर प्रत्यक्ष उमेदवाराचं नाव असतं. दोन्ही शाईच्या मूळ सहीने, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचले पाहिजेत. छायाप्रत किंवा रबरी शिक्का चालत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. म्हणून युतीची बोलणी लांबली की इच्छुक दहा सूचक गोळा करून ठेवतो. तिकीट नाही मिळालं तर बंडखोरीचा अर्ज तयारच असतो. अर्ज मागे घ्यायला छाननीनंतर दोन दिवस मिळतात. बंडोबांना थंड करण्याची सगळी धावपळ या दोन दिवसांत असते, फोन लागत नाहीत, उमेदवार 'संपर्काबाहेर' जातात. मुदत टळली की त्याला 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणायचं आणि गप्प बसायचं. मैत्रीपूर्ण लढतीत मैत्री कोणी कधी पाहिलेली नाही.

जागा एकाची आणि मतं दोघांची, हे कागदावर सोपं दिसतं. मतदानाच्या दिवशी मात्र ज्या मतदारसंघात धनुष्यबाण नाही तिथे सेनेचा गटप्रमुख बाहेर पडतोच असं नाही, आणि कमळ नाही तिथे भाजपचा पन्नाप्रमुख (मतदारयादीच्या एका पानाची जबाबदारी असलेला कार्यकर्ता) घरी बसतो. जिथे दोन्ही पक्षांचे इच्छुक आधी महापालिकेत एकमेकांविरुद्ध लढलेले असतात, तिथे मतं वळवणं सगळ्यात कठीण. ग्रामीण भागात, जिथे एकाची संघटनाच नसते, तिथे ते सहज होतं.

आता आकडे. १९९०मध्ये सेनेने १८३ जागा लढवून ५२ जिंकल्या, भाजपने १०४ लढवून ४२. १९९५मध्ये सेना १६९पैकी ७३, भाजप ११६पैकी ६५. १९९९मध्ये सेना १६१पैकी ६९, भाजप ११७पैकी ५६. २००४मध्ये सेना १६३पैकी ६२, भाजप १११पैकी ५४. २००९मध्ये सेना १६०पैकी ४४, भाजप ११९पैकी ४६. यशाची टक्केवारी काढली तर सेनेची २८, ४३, ४३, ३८, २८ अशी येते आणि भाजपची ४०, ५६, ४८, ४९, ३९. पाचही वेळा कमी जागा लढवणाऱ्याचं यश जास्त. भाजपचा कार्यकर्ता पंचवीस वर्षं हेच बोलून दाखवत होता की आम्हाला जागा द्या, आम्ही जिंकून दाखवतो. सेनेचं उत्तरही खोटं नव्हतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या काँग्रेसच्या भक्कम जागा मुख्यतः तिने अंगावर घेतल्या होत्या, तिथे पडणं ठरलेलंच होतं. दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर होतं. अशा वादात कोणी माघार घेत नाही.

बोलीत हे '१७१-११७' म्हणून ओळखलं जाई: विधानसभेत सेना थोरला भाऊ, लोकसभेत भाजप. लोकसभेला १९९९ आणि २००४मध्ये भाजपने २६ आणि सेनेने २२ जागा लढवल्या. जोडीला दुसरा नियम होता, ज्याचे आमदार जास्त त्याचा मुख्यमंत्री. हा नियम न्यायाचा वाटतो, पण युतीसाठी तो विषासारखा आहे. मित्राचा उमेदवार पडला तर विरोधकाची एक जागा वाढते हे खरं, पण आपला मुख्यमंत्री होण्याची शक्यताही वाढते. याला आपल्याकडे पाडापाडी म्हणतात. १९९९ हे त्याचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढले होते, त्यांच्या जागा ७५ आणि ५८, युतीच्या १२५. मुख्यमंत्री कोणाचा यावर युती घोळ घालत बसली आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुखांचा शपथविधी होऊन गेला.

विरोधी पक्षनेतेपदालाही हाच नियम लागू. १९९०मध्ये ते मनोहर जोशींकडे होतं. डिसेंबर १९९१मध्ये भुजबळ आमदारांचा गट घेऊन बाहेर पडले, सेनेचं बळ भाजपपेक्षा खाली आलं आणि पद गोपीनाथ मुंड्यांकडे गेलं. मुंड्यांचं राज्यव्यापी नेतृत्व त्या तीन-सव्वातीन वर्षांत घडलं. २००९मध्ये ४६ विरुद्ध ४४, म्हणजे दोन आमदारांच्या फरकाने ते पुन्हा भाजपच्या एकनाथ खडसेंकडे गेलं. त्या निवडणुकीत मार्च २००६मध्ये स्थापन झालेल्या मनसेने १३ जागा जिंकल्या आणि मुंबई-ठाण्यात सेनेची मतं कापली, हे सर्वांना ठाऊक आहे. एका दुसऱ्या कारणाची चर्चा मात्र कमी होते. २००९ची निवडणूक नव्या मतदारसंघरचनेवर झाली. मुंबई शहर जिल्ह्यातल्या जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगरातल्या १७ वरून २६ झाल्या. लालबाग-परळ-गिरगाव हा सेनेचा जुना गाभा आक्रसला. जी जागा वाढली ती बोरिवली-मुलुंडकडे, जिथे भाजपचा मतदार जास्त. युतीचं जुनं सूत्र जुन्या नकाशावर बेतलेलं होतं, नकाशा बदलला तरी सूत्र तेच राहिलं.

२०१४मध्ये ते फाटलं. लोकसभेला भाजपने २४पैकी २३ आणि सेनेने २०पैकी १८ जागा जिंकल्या होत्या. विधानसभेसाठी सेनेचा प्रस्ताव होता १५१ स्वतःला, ११९ भाजपला, १८ मित्रपक्षांना. भाजपचं म्हणणं, सेनेने आजवर एकदाही न जिंकलेल्या ५९ जागांवर फेरविचार व्हावा. हे भांडण मिटवणारी माणसंही उरली नव्हती. महाजन २००६मध्ये गेले, बाळासाहेब ठाकरे नोव्हेंबर २०१२मध्ये, मुंडे जून २०१४मध्ये. ऐन घटस्थापनेच्या दिवशी, २५ सप्टेंबरला, युती तुटली. अर्ज भरायला दोन दिवस शिल्लक होते. दोन दिवसांत शंभर-दीडशे नवे उमेदवार उभे करायचे तर ते दुसऱ्या पक्षांतूनच आणावे लागतात, आणि आयात उमेदवारांची खरी सुरुवात तिथून झाली. भाजप १२२, सेना ६३.

त्यानंतरचे सहा आठवडे प्रादेशिक पक्षाची कोंडी कशी होते याचा धडा आहेत. राष्ट्रवादीने भाजपला बाहेरून पाठिंबा जाहीर केला आणि सेनेची गरजच संपवली. ९ नोव्हेंबरला केंद्रात मंत्री व्हायला निघालेले अनिल देसाई दिल्ली विमानतळावरूनच परतले, त्याच दिवशी सुरेश प्रभू भाजपमध्ये जाऊन मंत्री झाले. एकनाथ शिंदे काही आठवडे विरोधी पक्षनेते होते. ५ डिसेंबरला सेना सरकारात दाखल झाली. गंमत म्हणजे स्वतंत्र लढलेल्या या निवडणुकीत सेनेला १९ टक्क्यांहून जास्त मतं पडली, आणि युतीत लढलेल्या २०१९मध्ये १६च्या थोडी पुढे. युतीत मतांचा टक्का घटतो कारण निम्म्या जागांवर चिन्हच नसतं. म्हणून युतीतल्या पक्षाचा टक्का घसरला म्हणजे जनाधार घसरला, असं म्हणणाऱ्यांनी आधी किती जागा लढवल्या ते मोजावं.

२०१७च्या मुंबई महापालिकेत दोघं समोरासमोर आले: सेना ८४, भाजप ८२. भाजप त्या दारात येऊन उभा राहिला तो इथे. जानेवारी २०१८मध्ये सेनेने स्वबळाचा ठराव केला. १८ फेब्रुवारी २०१९ला पुन्हा युती झाली. पत्रकार परिषदेत पदं आणि जबाबदाऱ्या समान वाटून घेण्याची भाषा झाली. मुख्यमंत्रिपद त्यात येतं की नाही, हे सांगणारा कोणताही लेखी मसुदा जाहीर झाला नाही. जागाही प्रत्यक्षात निम्म्या-निम्म्या झाल्या नाहीत. मित्रपक्षांसह भाजपकडे १६४ आणि सेनेकडे १२४. निकाल १०५ आणि ५६. बहुमताला १४५ हवेत, म्हणजे सेनेशिवाय भाजपचं जमत नव्हतं, आणि सेना, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४ मिळून १५४ होत होते. अडीच वर्षांचा शब्द दिला होता असं सेनेचं म्हणणं, दिलाच नव्हता असं भाजपचं. त्यांच्यापैकी कोण खरं, हे बाहेरच्या माणसाने ठामपणे सांगू नये. एवढं मात्र म्हणता येईल की ज्या कराराचा मुख्य मुद्दा तोंडी ठेवला, तो निकालाच्या दिवशी ज्याला जसा सोयीचा तसा आठवणार होता. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांनी शपथ घेतली.

दिल्लीतली बाजू थोडक्यात. १९९८मध्ये भाजपचे १८२ खासदार होते आणि एप्रिल १९९९मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं, त्या काळात मित्रांच्या पाच-सहा खासदारांनाही भाव होता. २०१९मध्ये भाजपचे एकट्याचे ३०३ होते, सेनेच्या १८ खासदारांची दिल्लीला गरज नव्हती. हे मंत्रिपदातही दिसतं. मनोहर जोशी १९९९ला, अनंत गीते २०१४ला, अरविंद सावंत २०१९ला, सगळ्यांच्या वाट्याला अवजड उद्योग खातं. नाव भारदस्त, पण मतदारसंघात जाऊन दाखवावं असं त्यात फारसं काही नाही. (२०२४मध्ये ते कुमारस्वामींकडे, म्हणजे पुन्हा मित्रपक्षाकडेच गेलं.) उलट राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सेनेने आपलं वेगळेपण अनेकदा जपलं. युतीत असताना २००७ला प्रतिभा पाटील आणि २०१२ला प्रणव मुखर्जी, दोघेही काँग्रेसचे. भाजपविरोधात असताना २०२२ला उद्धव ठाकऱ्यांच्या सेनेचा पाठिंबा द्रौपदी मुर्मूंना. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत होकार आणि राज्यसभेत सभात्याग. सेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांची महाविकास आघाडी तेव्हा दोन आठवड्यांची होती.

त्या आघाडीची खोट विचारसरणीत शोधू नये. मतदारसंघात शोधावी. सेनेच्या बऱ्याच ग्रामीण आमदारांचा कायमचा प्रतिस्पर्धी राष्ट्रवादीचा होता. सरकारात अर्थखातं राष्ट्रवादीकडे. आपल्याच सरकारचा निधी आपल्या पराभूत विरोधकाच्या शिफारशीने येतो, ही तक्रार फुटलेल्या आमदारांनी वारंवार मांडली. शिवाय पुढच्या निवडणुकीत जागा ज्याच्या आमदाराची त्याचीच हे मान्य केलं, तर दुसऱ्याच्या इच्छुकाने जायचं कुठे? वरच्या मजल्यावर जुळलेली आघाडी तळमजल्यावर अशी अडते. जून २०२२मध्ये आधी राज्यसभेच्या निवडणुकीत सेनेचा दुसरा उमेदवार पडला, २० जूनला विधान परिषदेचं मतदान झालं आणि त्याच रात्री शिंदे गट सुरतेला गेला. (वर्षभराने राष्ट्रवादीचे अजित पवारच शिंदे यांच्या सरकारात अर्थमंत्री म्हणून आले. ती निधीची तक्रार पुढे कोणी फारशी उगाळली नाही.)

आता फुटीचा कायदा. १९९१मध्ये भुजबळ बाहेर पडले तेव्हा राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, 'एक तृतीयांश फुटले तर फूट वैध' अशी तरतूद होती. ५२चा तिसरा हिस्सा म्हणजे किमान १८, आणि गट १८चाच होता. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. आता राहिलं आहे ते विलीनीकरण: मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी ते मान्य केलं तर संरक्षण. नुसतं दोन तृतीयांश जमवून वेगळं बसायला कायद्यात जागा नाही. जून २०२२मध्ये सेनेचे ५५ आमदार होते, दोन तृतीयांश म्हणजे ३७. शिंदे यांच्याकडे ४० होते, तरी ते कुठेही विलीन झाले नाहीत. त्यांनी म्हटलं, आम्हीच शिवसेना. हा दावा आकड्याने विधानभवनात सुटत नाही, त्याला तीन वेगळी दारं आहेत.

पहिलं दार निवडणूक आयोगाचं. १९६८च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५खाली आयोग पक्षाची उद्दिष्टं, पक्षघटना आणि बहुमत या कसोट्या लावतो. १७ फेब्रुवारी २०२३च्या आदेशात आयोगाने म्हटलं की २०१८ची पक्षघटना लोकशाहीला धरून नाही, संघटनेतलं बहुमत ठरवता येत नाही, म्हणून विधिमंडळातलं बहुमत पाहायचं. ४० आमदार, लोकसभेतले १३ खासदार, आणि २०१९ला सेनेच्या विजयी उमेदवारांना मिळालेल्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के शिंदे गटाकडे. नाव आणि धनुष्यबाण तिकडे गेले.

दुसरं सर्वोच्च न्यायालयाचं. ११ मे २०२३ला घटनापीठाने सांगितलं की प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षादेश बजावणारा, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ गटाचा नाही, म्हणून शिंदे गटाच्या भरत गोगावले यांच्या प्रतोदपदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणंही चूक. पण ठाकरे यांनी २९ जूनला चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे त्यांना परत खुर्चीवर बसवता येत नाही. डावपेचाच्या दृष्टीने ही सगळ्यात महाग पडलेली चूक. सभागृहात हरले असते तर पुढचा युक्तिवाद शिल्लक राहिला असता.

तिसरं विधानसभाध्यक्षांचं. १० जानेवारी २०२४ला राहुल नार्वेकर यांनी १९९९ची पक्षघटना प्रमाण मानली, कारण आयोगाच्या दफ्तरी शेवटची तीच होती. २०१८चे बदल नोंदवलेले नाहीत, म्हणून विचारात नाहीत. शिंदे गट हाच पक्ष, आणि दोन्हीकडचं कोणीच अपात्र नाही. निकालावर मतं काहीही असोत, त्यातली व्यवहाराची गोष्ट प्रत्येक प्रादेशिक पक्षाच्या कार्यालयाने लिहून ठेवावी. घटनेत बदल केला, कार्यकारिणी बदलली, की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे आयोगाला विनाविलंब कळवायचं, ठरावाची प्रत जोडायची आणि पोच घेऊन फायलीला लावायची. एका माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या पक्षात हे काम कारकुनाचं समजून सोडून दिलं जातं.

फुटीनंतर दोन्ही सेना आपापल्या आघाडीत जागावाटपाला बसल्या, आणि जुनेच नियम दोघींना लागू झाले. २०२४च्या लोकसभेला ठाकरे यांच्या सेनेने २१पैकी ९ आणि शिंदे यांच्या सेनेने १५पैकी ७ जागा जिंकल्या. दोघी समोरासमोर असलेल्या १३ जागांत सात-सहा असा निकाल लागला. उत्तर-पश्चिम मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. सांगली हे चुकलेल्या वाटपाचं चांगलं उदाहरण. जागा काँग्रेसच्या घराण्याची, सेनेने आधीच चंद्रहार पाटलांचं नाव जाहीर करून टाकलं, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहून जिंकले आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा आला. मित्राच्या पारंपरिक जागेवर परस्पर उमेदवार जाहीर करणं म्हणजे ती जागा बंडखोराला देणं.

नोव्हेंबरच्या विधानसभेत भाजपने १४९पैकी १३२ जिंकल्या, शिंदे यांच्या सेनेने ८१पैकी ५७. टक्केवारी उत्तम, सत्तर. पण थोरल्या भावाला बहुमतासाठी तेरा जागाच कमी पडत होत्या आणि अजित पवारांचे ४१ आमदार शेजारी बसले होते. म्हणजे २०१४सारखीच स्थिती, फक्त पाठिंबा देणारा आता घरातच होता. ५ डिसेंबरला फडणवीस मुख्यमंत्री आणि शिंदे उपमुख्यमंत्री झाले. ठाकरे यांच्या सेनेला ९५पैकी २० जागा मिळाल्या. विरोधात तिचेच आमदार सर्वांत जास्त, काँग्रेस १६ आणि शरद पवारांची राष्ट्रवादी १०. विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रघाताने सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ आमदार लागतात. दोनदा दोघा भावांत ज्या पदासाठी ओढाताण झाली, त्यावर हक्क सांगण्याइतके आमदार विरोधात कोणाकडेच उरले नव्हते.